खारा पानी

जगबुडी उंबरठ्याशी आल्याशिवाय चित्रपटवाल्यांना स्वमग्न मुलांची आठवण होत नाही, असे वाक्य जयवंत मेहेरने एकदा लिहिले होते, आणि त्या वाक्याचा त्याला फार दिवस अभिमान होता. विज्ञानपटांतली ही मुले त्याने त्या लेखात एकेक करून साक्षीला उभी केली होती. कुणी परग्रहावरची लिपी वाचतो. कुणी शत्रूच्या यंत्राचे कुलूप नुसत्या नजरेने उघडतो. कुणाला भिंतीपलीकडची विजेची तार कुजबुजताना ऐकू येते. एखाद्या चित्रपटात तर पांढऱ्या झग्यातला शास्त्रज्ञ डोळे ओले करून जाहीर करतो, की हा विकार नव्हेच, ही मानवजातीची पुढची पायरी आहे. पायरीवर पाय ठेवून लोक वर जातात आणि पायरी जिथल्या तिथे राहते, असे जयवंतने तिथे बारीक चिमटा काढून लिहिले होते. मुलगा जगाला वाचवतो. त्या मोबदल्यात जग त्याला जगू देते. ज्याला असली कोणतीच विद्या येत नाही, जो नुसताच कान झाकून कोपऱ्यात बसतो, त्याला त्या कथेत जागा नाही. परीक्षा घेऊन मगच प्रेम करणाऱ्या समाजाने करमणुकीसाठी काढलेली ती प्रवेशपरीक्षा आहे.

लेखाचे शेवटचे वाक्य असे होते: हे सर्व मी एका स्वमग्न मुलीचा बाप म्हणून लिहितो आहे. त्या वाक्याने लेखाला वजन आले. परिसंवादांची निमंत्रणे आली, आणि वसईतल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या जयवंतला मुंबईची मंडळी नावाने ओळखू लागली. त्या सगळ्यात मुलीच्या वाट्याला काय आले, हे कुणी विचारले नाही. तिच्या बापानेही नाही.

मुलीचे नाव उन्नती. ती अकरा वर्षांची होती, आणि एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या घरात तिचा वावर एखाद्या मितभाषी पाहुण्यासारखा होता. ती स्वतःची वाक्ये रचत नसे. कुणाची तरी ऐकलेली वाक्ये, बोलणाऱ्याच्या सुरासकट, उसनी घेऊन वापरत असे. भूक लागली की ती आईच्या आवाजात विचारी, "शिट्ट्या झाल्या का गं?" बाहेर जायचे असले की म्हणे, "दार लोटून घे, मांजर शिरंल." ती लहान असताना तिची आई मीरा बँकेत आणि जयवंत महाविद्यालयात जात असत, तेव्हा तिचा दिवस अर्नाळ्याला आजीकडे जायचा, आणि आजी तिला खाडीवर न्यायला निघताना शेजारणीला नेमके हेच सांगायची. आजीला जाऊन आता दुसरे वर्ष लागले होते. आवाज मागे राहिला होता. उन्नतीच्या प्रत्येक वाक्याला एक पत्ता असतो, तो शोधून काढला की तिचे म्हणणे कळते, असे जयवंत तिच्या शाळेतल्या पालकांच्या बैठकीत समजावून सांगत असे, आणि बाकीचे पालक आदराने माना डोलावत.

त्या उन्हाळ्यात ती एक नवीनच वाक्य म्हणू लागली.

"खारा पानी."

जयवंतने ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्याने काय केले, तर तिचा उच्चार सुधारला. "पाणी, बाळा. खारं पाणी." तो स्वतः अर्नाळ्याच्या मच्छीमाराचा मुलगा. त्याच्या तोंडातला हा 'न' शाळेत मास्तरांनी पट्टी मारमारून काढला होता, आणि पुढे त्याच 'ण'च्या बळावर तो मराठीचा प्राध्यापक झाला. जे आपल्या तोंडातून उपटले गेले ते मुलीच्या तोंडात पुन्हा उगवलेले पाहून त्याला जुनी लाज वाटली. उन्नतीने त्याच्याकडे पाहिले नाही. "खारा पानी," ती पुन्हा म्हणाली, आणि हॉलमधल्या गार फरशीला डावा गाल लावून पडून राहिली.

या वाक्याचा पत्ता कोणता, हे शोधावे असे त्याच्या मनात आले नाही.

त्याच आठवड्यात संकेत घरी आला. संकेत त्याचा जुना विद्यार्थी. जाहिराती करून त्याचा हात चांगला बसला होता, आणि मराठी विज्ञानपट करायला एका कंपनीने त्याला नुकताच होकार दिला होता. चहाचा कप हातात तसाच धरून तो सोफ्याच्या कडेवर बसला.

"सर, विषय एकदम लोकल आहे. वटार, नंदाखाल, त्या सगळ्या साइडच्या विहिरी खाऱ्या होतायत ना? समुद्र जमिनीखालून आत येतोय. कुणालाच पत्ता नाही. फक्त एका मुलीला कळतंय. ऑटिस्टिक मुलगी. आता मला सांगा, तिची पॉवर काय?"

"पॉवर?"

"म्हणजे तिला कळतं कसं? दिसतं? वास येतो? आकडे नको हं सर, आकडे फार झाले."

जयवंतने चष्मा काढून पुसला. "संकेत, माझा तो लेख वाचलायस ना तू?"

"वाचलाय काय, पाठ आहे! म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुम्ही लिहिलंत तर कुणी बोट दाखवणार नाही."

या बोलण्यातला अपमान जयवंतला कळला. पण त्याच्या जरा आधी त्यातली स्तुती कळली होती. तो उत्तराची जुळवाजुळव करत असतानाच आतल्या खोलीतून उन्नतीचा आवाज आला.

"खारा पानी."

संकेतने कप खाली ठेवला. "सर, काय म्हणाली ती?"

"काही नाही. हल्ली म्हणते तसं."

"आपोआप? कुणी न सांगता?" संकेतने बाही वर सारून हात पुढे केला. "हा बघा काटा. आणि 'पानी' म्हणाली, 'पाणी' नाही. काय रॉ आहे! सर, टायटल झालं आपलं."

त्या संध्याकाळपासून जयवंतने मुलीचा उच्चार सुधारणे बंद केले.

पटकथा भराभर पुढे सरकली. उन्नती फरशीला गाल लावून पडली की तो जवळ बसून लिहीत असे, आणि पटकथेतली मुलगी जमिनीला कान लावून समुद्राची चाहूल घेत असे. उन्नती दात आवळून हुंकार देऊ लागली. पटकथेतली मुलगी भूगर्भातल्या पाण्याच्या सुरात सूर मिळवू लागली. उन्नतीने एकदा स्वतःच्या जबड्यावर मुठीने मारून घेतले. त्या दिवशी त्याची लेखणी थोडा वेळ थांबली. मग त्याने लिहिले, की संदेश असह्य झाला म्हणजे ती स्वतःला मारून घेते. आपण लिहितो आहोत ते त्या चित्रपटांसारखे नाही, इथे मुलगी जगाला वाचवत नाही, नुसती इशारा देते, अशी स्वतःची समजूत घालायला त्याच्यापाशी वाचन भरपूर होते. माणूस कमी शिकलेला असता तर इतक्या सफाईने फसला नसता.

मीराचे वाचन बेताचे आणि लक्ष सगळे मुलीकडे. ती मूळची साताऱ्याकडची. बोलणे सरळ, मधे अलंकार नाहीत.

"जयवंत, ती भाकरी बाजूला सारतेय. नुसता वरणभात खाते, तोही न चावता. तिला काहीतरी होतंय."

"उन्हाळा आहे. गेल्या वर्षी तिने दही सोडलं होतं, आठवतं ना?"

"दही सोडलं तेव्हा ती फरशीवर गाल घासत नव्हती."

"ते ती ऐकते."

मीराने हातातला पेला खाली ठेवला. "काय ऐकते?"

वाक्य तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आले की ते पटकथेतले होते. "तसं नव्हे," तो म्हणाला. "गार लागतं म्हणून पडते, असं म्हणायचं होतं मला."

मीराने तिला दंतवैद्याकडे नेले. डॉक्टर रोझलीन मायेने बोलणाऱ्या होत्या, पण उन्नतीने दारातच तोंड गच्च मिटले ते परत घरी येईपर्यंत उघडले नाही. भूल देऊनच तपासावे लागेल, त्यासाठी रुग्णालयात यावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आणि तारीख दिली. ती तारीख जयवंतने बदलून घेतली. त्याच दिवशी कंपनीची माणसे पटकथा ऐकायला येणार होती, आणि 'मूळ मुलीला' भेटण्याची त्यांची इच्छा होती. फोनवर रुग्णालयाच्या बाईंशी बोलताना एक विचार त्याच्या मनात येऊन गेला: तपासणीत काही निघाले आणि ते बरे झाले, तर ती हे म्हणायची थांबेल. विचार आला आणि त्याने तो इतक्या चपळाईने झाकला, की पुढे बरेच दिवस आपल्या मनात असे काही आलेच नव्हते, असे तो शपथेवर सांगू शकला असता.

नवी तारीख सोमवारची मिळाली. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, वटारला टीझरचे चित्रीकरण ठरले.

"मी येत नाही," मीरा म्हणाली. उन्नतीच्या केसांत ती पिवळी पिन लावत होती. उन्नती तेवढ्यापुरती मान खाली घालून स्थिर उभी होती. केसांना हात लावायची मुभा तिने जगात दोघांनाच दिली होती, आईला आणि बापाला. "मी आले तर तुम्हाला एक फोटोसुद्धा काढू देणार नाही. जा, आणि लवकर परत आण तिला. उद्याची तारीख मी हलवू देणार नाही, सांगून ठेवते."

वटारची ती वाडी सॅन्टन नावाच्या म्हाताऱ्याची होती. केळी, पानवेली आणि मधोमध दगडी कठड्याची जुनी विहीर. संकेतने कॅमेरा लावला, छत्र्या उघडल्या, तशी सॅन्टनने खाट ओढून सावलीत बैठक मारली.

"सर, पानी खारा झाला ते सांगायला पोरीला कशाला उन्हात आणली? माझ्या केळीला विचारा की. पानं कडेनं करपली सगळी."

"अंकल, केळीवर पिक्चर चालत नाही," संकेत म्हणाला.

"चालंल कसा? केळ फुकट बोलते ना. फुकटचा कोण ऐकते?"

सगळे हसले. जयवंतही हसला. उन्नती मात्र थेट विहिरीकडे गेली, गुडघ्यांवर बसली आणि सावलीतल्या दगडी कठड्याला तिने डावा गाल टेकवला. कुणी काही सांगायची गरजच पडली नाही. संकेतने हातानेच सर्वांना गप्प केले. कॅमेरा सुरू झाला. जयवंत विहिरीच्या पलीकडे, केळींपाशी उभा होता.

"खारा पानी," उन्नती म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले. गाल दगडावर आणखी दाबला. "खारा पानी. धर. गिलू नको."

शेवटचे तीन शब्द तिने आजवर उच्चारले नव्हते. किंवा उच्चारले असतील आणि कुणी तेवढा वेळ ऐकत थांबले नसेल.

जयवंतच्या हनुवटीखाली एकाएकी एक तळहात आला. जाळी विणून घट्टे पडलेला, मासळीचा वास असलेला, गरम. अर्नाळ्याच्या घराची मागची पडवी, दाढेत सुऱ्या खुपसल्यासारखी कळ, आणि आई मिठाचे कोमट पाणी तोंडात ओतते आहे. धर. गिलू नको. आता थुक. दाढ दुखली, दात हलू लागला, हिरडी सुजली, काहीही झाले तरी त्या घरात उपाय हाच होता, आणि त्याला नावही हेच होते. 'आये, खारा पानी,' असे त्यानेही रडत मागितले होते, मास्तरांनी पट्टी उचलण्याच्या कितीतरी आधी. उन्नतीचे दुधाचे दात आजीच्याच घरी पडले. तिची आजी तिच्या हनुवटीखाली तोच हात धरून उभी राहिली असणार. मुलगी गेले कित्येक दिवस, जे एकमेव वाक्य या दुखण्यासाठी तिला ठाऊक होते त्या वाक्यात, आपली दाढ दुखते म्हणून सांगत होती. तिच्या घरात ते वाक्य समजू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो ते लिहून घेत होता.

त्याचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला.

"कट!" संकेत दबक्या आवाजात ओरडला आणि धावत आला. "सर! 'गिलू नको'! जमिनीला सांगतेय ती, समुद्र गिळू नको म्हणून! हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही."

"मग तर जास्तच भारी. एक क्लोज घेऊ, सर. एकच. ऊन सरकायच्या आत. आणि ती पिवळी पिन तेवढी काढा ना प्लीज. फ्युचर वाटत नाही."

इथे जयवंतने बोलायला हवे होते. काय बोलायचे तेही त्याला ठाऊक होते. तीन शब्दांचे वाक्य होते, तिची दाढ दुखतेय. का बोलला नाही याची उत्तरे त्याने पुढे स्वतःला अनेक दिली. ऊन सरकत होते, एवढ्याने काय बिघडते, उद्या रुग्णालय आहेच. प्रत्येक उत्तर नीट बांधलेले होते. तो विहिरीपाशी गेला, मुलीजवळ बसला. उन्नतीने बापाचा हात ओळखला आणि सवयीने मान खाली घातली. पिन काढताना त्याची बोटे तिच्या गालाला लागली. गाल तापलेला होता, आणि एका बाजूने जरा वर आलेला. पिन त्याने सदऱ्याच्या खिशात टाकली आणि तो उठून कॅमेऱ्याच्या वाटेतून दूर झाला.

उन्नतीने सगळे वाक्य पुन्हा म्हटले. आता ती रडत होती, पण तिच्या रडण्याला आवाज नसतो. संकेतने कॅमेरा जवळ नेला, आणखी जवळ नेला.

मग जयवंत म्हणाला, "बास. हिला दवाखान्यात न्यायचंय."

वाटेतूनच त्याने मीराला फोन केला. बाकीचे मीराने केले: डॉक्टर रोझलीनना सुटीच्या दिवशी घरून बोलावले, रात्रीपुरते औषध सुरू केले, सोमवारी सकाळी सर्वांत आधी उन्नतीला आत घ्यायला लावले. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी दाढ कागदात गुंडाळून आणली होती.

"मुळाशी पू झाला होता. जबड्यात उतरायला लागला होता. हे काल-परवाचं दुखणं नव्हे हो, पुष्कळ दिवस सोसलंय पोरीने. तिने काहीच सांगितलं नाही का?"

"सांगितलं," जयवंत म्हणाला. "रोज सांगत होती."

डॉक्टरांना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी औषधे लिहून दिली, जखम भरेपर्यंत काय खायचे ते सांगितले, आणि उद्यापासून कोमट पाण्यात मीठ घालून हळूच खळखळून टाकायला सांगितले. जयवंतने तेवढे ऐकताना खिडकीबाहेर पाहिले.

मीराला मात्र वेगळाच अर्थ लागला होता. तिने त्याचा हात घट्ट धरला. साताऱ्याला बहिणीला फोन लावून ती सांगत होती, "अगं, यानेच ओळखलं! सासूबाईंची भाषा. आम्हाला जन्मात कळलं नसतं. ऐकल्या ऐकल्या काम थांबवलं आणि घेऊन आला." ऐकल्या ऐकल्या. जयवंत बाकावर बसून होता. तिला थांबवावे असे त्याला वाटले, आणि पुन्हा एकदा, एवढ्याने काय बिघडते, असेही वाटले. विहिरीपाशी सापडलेली ही युक्ती आता त्याच्या अंगवळणी पडत चालली होती.

त्याने कोपऱ्यात जाऊन संकेतला फोन केला. "कालचं ते वापरू नकोस."

"सर, ते कालच वर गेलंय! लोक वेडे झालेत. तुमचं नाव मोठं टाकलंय. बेबी कशी आहे? बरी आहे ना? तिला सांगा, ती स्टार झाली."

"काढून टाक."

"आता कंपनीचं आहे ते, सर. माझ्या हातात काही नाही."

उन्नती घरी आली, दिवसभर झोपली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मऊ खिचडी खाऊ लागली. तेव्हा कुठे मीरा जरा निवांत बसली आणि बहिणीने पाठवलेला टीझर तिने उघडला. जयवंत समोरच्या खुर्चीत होता. फोनमधून आधी वाऱ्याचा आवाज आला, मग ते वाक्य. मीराने ते पुन्हा लावले. मग थांबवले, मागे नेले, पुन्हा थांबवले.

"इकडे ये."

तो उठून तिच्या मागे उभा राहिला.

"हा तू. केळींपाशी. गालावर हात आहे तुझा." तिने बोट ठेवले. "इथे कळलं तुला."

"हो."

"इथे तिच्या केसांत पिन आहे." तिने चित्र पुढे नेले. पडदा भरून उन्नतीचा चेहरा आला, मिटलेल्या पापण्यांतून गालावर ओघळणारे पाणी, कानावर मोकळे सुटलेले केस. "इथे नाही."

मीराने मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

"ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, जयवंत."

"एकच शॉट राहिला होता. छोटा होता."

"तुला छोटा," मीरा म्हणाली.

आवाज तिने चढवला नव्हता. चढवला असता तर त्याला काहीतरी बोलता आले असते. आतून उन्नतीच्या चमच्याचा ताटलीवर आवाज येत होता. मीरा टीझरच्या खालचे अभिप्राय वाचत गेली. लोकांनी हात जोडले होते, बदाम टाकले होते. अशी मुले म्हणजे देवाचा अवतार, असे कुणी लिहिले होते. विकार नव्हे वरदान, असे आणखी कुणी. एका अभिप्रायाशी ती थांबली आणि मोठ्याने वाचू लागली.

"'मी विरारला राहते. माझा मुलगा पण ऑटिस्टिक आहे. हल्ली तो डोकं भिंतीला लावून बसतो आणि हूं हूं करतो. आम्ही त्याला ओरडत होतो. टीझर बघून खूप रडले. सर, त्याला काय ऐकू येत असेल ते कसं ओळखायचं? प्लीज सांगा. क्षितिजा.'"

तिने फोन त्याच्या हातात दिला. "उत्तर दे हिला."

जयवंत खुर्चीत बसला. बराच वेळ त्याची बोटे हलली. मीराने वाकून पाहिले. त्याने लिहिले होते: विज्ञानपटांतील स्वमग्नतेचे चित्रण हे मुळातच उपयुक्ततावादी दृष्टीतून घडत असल्याने.

"तिला लेख नकोय."

त्याने ते पुसले. "काय लिहू?"

"झालं ते लिही."

त्याने लिहिले: टीझरमधली मुलगी काहीही ऐकत नाहीये. तिची दाढ दुखत होती, आणि ती तेच सांगत होती. पुढे त्याचे बोट थांबले. मीरा उभीच होती. त्याने लिहिले: तिच्या बापाला ते कळलं होतं, तरी त्याने शेवटचा शॉट घेऊ दिला. तो बाप मी.

त्याने उत्तर पाठवले. मीरा आत मुलीकडे निघून गेली. काही क्षणांत त्याच्या उत्तराखाली कुणीतरी टाळ्यांचे हात टाकले आणि विचारले, सर, हा पिक्चरमधला डायलॉग आहे का? त्याखाली आणखी दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग विरारच्या क्षितिजाचे उत्तर आले.

"म्हणजे शक्ती वगैरे काहीच नाही?"

त्या प्रश्नातली निराशा त्याला नीट वाचता आली. मुलाचा हुंकार ऐकून आयुष्यात पहिल्यांदा तिला आशा वाटली असावी, आणि ती आशा त्याच्याच कारखान्यात तयार झाली होती. नाही, असे त्याने लिहिले. तेवढ्याने भागणार नव्हते. त्याने तिचा नंबर मागितला, आणि तिने तो दिला.

पलीकडे फोन उचलला गेला तेव्हा मागे एका मुलाचा हुंकार ऐकू येत होता, एकसुरी, न थांबणारा.

"ताई, मी जयवंत मेहेर," तो म्हणाला. "मला सांगा, तो भिंतीला कोणती बाजू लावतो? आणि जेवताना कुठल्या बाजूने चावतो?"

"असं कधी बघितलंच नाही हो, सर."

"आता बघा," जयवंत म्हणाला. "मी थांबतो फोनवर."